मृताला ओळखणारा तपास अधिकारी

स्वीडिश कादंबरीकार हेनिंग मँकेल यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत इस्टाड या समुद्रकाठच्या गावातला पोलीस अधिकारी कुर्ट वॉलँडर आपल्याच ठाण्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरात शिरतो, आणि तो सहकारी, स्वेडबर्ग, गोळी लागून मरून पडलेला त्याला दिसतो. पुढे तपास करताना वॉलँडरला समजते की स्वेडबर्ग नातलगांजवळ आपला सर्वांत जवळचा मित्र म्हणून वॉलँडरचेच नाव सांगत असे. वॉलँडरला मात्र याची गंधवार्ताही नव्हती. वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाचे घर कसे आहे, तो सुट्टीत काय करतो, त्याचे कोणावर प्रेम आहे, यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते. तरीही तपास त्याच्याच हाती राहतो आणि वाचक म्हणून आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही. उलट, हा माणूस आता पेटून उठेल आणि मारेकऱ्याला शोधल्याशिवाय राहणार नाही, असे मनाशी म्हणत आपण पान उलटतो.

स्कँडिनेव्हियातील पोलीसकथांनी गेल्या साठ वर्षांत हा विश्वास जगभरच्या वाचकांत रुजवला आहे. त्या कथांवरच्या मालिका आता मराठी घरांतही मोबाइलवर पाहिल्या जातात. गोठलेले तळे, बर्फाखालून सापडलेला देह, आणि तो देह पाहून चेहरा पांढरा पडलेला तपास अधिकारी. मेलेली व्यक्ती त्याची बालमैत्रीण असते, गुरू असतो, सहकारी असतो, कधी पोटची मुलगी असते. वरिष्ठ त्याला तपासापासून दूर राहायला सांगतात, तो ऐकत नाही, आणि अखेरीस न ऐकणेच बरोबर ठरते. ‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यामुळे ही मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. परंतु जळणाऱ्याला दाह कळतो; आग कोणी लावली हे त्याला कळतेच असे नाही. मृताशी जिव्हाळ्याचा संबंध असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती त्या खुनाचा तपास एक दिवसही राहू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा आपलेपणा फेकून देण्याजोगा मात्र मुळीच नाही. त्याची योग्य जागा साक्षीदाराची खुर्ची ही आहे, आणि त्या खुर्चीत त्याला सन्मानाने बसवणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आधी कादंबऱ्यांचेच पाहू, कारण मला वाटते आपण त्या नीट वाचलेल्या नाहीत. मय श्योवाल आणि पेर वालू या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या स्टॉकहोममधील अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि स्कँडिनेव्हियन पोलीसकथेचा आजचा घाट त्यांतूनच सिद्ध झाला. त्यांपैकी १९६८ सालच्या कादंबरीत स्टॉकहोममध्ये रात्री एका बसमधल्या प्रवाशांवर बेछूट गोळीबार होतो आणि मृतांमध्ये बेकच्याच पथकातला तरुण अधिकारी स्टेनस्ट्रॉम आढळतो. हळूहळू उलगडत जाते की स्टेनस्ट्रॉम कोणालाही न सांगता, स्वतःच्या वेळात, एका जुन्या, न सुटलेल्या खुनाचा माग काढत होता. जवळजवळ तीस वर्षांनी मँकेल यांनी लिहिलेल्या कादंबरीतला स्वेडबर्गही तेच करत असतो: सुट्टी घेऊन, सहकाऱ्यांपासून लपवून, खाजगी तपास. दोघेही गोळीला बळी पडतात. आणि दोन्ही कथांत जिवंत राहिलेल्या सहकाऱ्यांना निम्म्याहून अधिक श्रम खर्चावे लागतात ते मारेकऱ्यामागे नव्हे, तर आपल्या मेलेल्या मित्राने काय शोधले होते आणि ते कोठे ठेवले होते हे शोधण्यासाठी. या लेखकांनी एकट्याने, मनात ठेवून, कागदावर न उतरवता केलेल्या तपासाची किंमत दाखवली. वाचकांनी आणि नंतरच्या मालिकाकारांनी त्यातला फक्त शोक उचलला.

प्रत्यक्ष कायदा या बाबतीत कथांपेक्षा कितीतरी कठोर आहे. स्वीडिश भाषेत ‘येव’ असा एक छोटा शब्द आहे. निर्णय घेणाऱ्याचा प्रकरणाशी असा संबंध, ज्यामुळे त्याने बाजूला व्हायला हवे, असा त्याचा अर्थ. १९४८ पासून लागू असलेल्या स्वीडनच्या न्यायप्रक्रिया संहितेत न्यायाधीशाला ज्या कारणांसाठी खटल्यापासून दूर राहावे लागते, त्याच कारणांसाठी सरकारी वकिलालाही तपासापासून दूर राहावे लागते, आणि तपासाचे निर्णय घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाही तोच दंडक लागू होतो. नातेसंबंध आणि फायदा-तोटा ही कारणे तर त्यात आहेतच. पण सगळ्यांत महत्त्वाचे कलम शेवटी येते. त्या व्यक्तीच्या निःपक्षपातीपणावरचा विश्वास डळमळेल अशी कोणतीही विशेष परिस्थिती पुरेशी आहे, असे ते सांगते. अधिकाऱ्याचे मन खरोखर कलुषित झाले आहे काय, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. तिऱ्हाईत माणसाला विश्वास वाटेल काय, एवढेच तो विचारतो. मला ही भूमिका फार शहाणपणाची वाटते, कारण ती अधिकाऱ्याला अप्रामाणिक ठरवत नाही. त्याला आपल्या अंतःकरणाची शपथ घ्यावी लागत नाही आणि वरिष्ठाला त्याच्या अंतःकरणात डोकावण्याचा आव आणावा लागत नाही.

हे एवढे काटेकोर का असावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. जिवलगाच्या खुनाचा तपास करणारा अधिकारी पुरावे बनावट करील, संशयिताला मारहाण करील, अशी भीती सहसा बोलून दाखवली जाते. ती खरी आहे, पण गौण आहे. त्याहून मोठा धोका शांत आणि सभ्य असतो: तो काही प्रश्न विचारतच नाही. खुनाच्या तपासातले पहिले प्रश्न मृताचा अपमान करणारेच असतात. कर्ज किती होते, कोणाशी संबंध होते, घरात भांडणे होत होती काय, दारू किती होती, तो खोटे कशाबद्दल बोलत असे. मित्र हे प्रश्न विचारताना अडखळतो, विधवेसमोर तर अधिकच, आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे त्याला वाटते ते तर तो विचारतही नाही. ‘तो तसा नव्हता’ हे वाक्य तपासाच्या कागदांत कोठेही लिहिलेले नसते, तरी संपूर्ण तपास त्याच्या आधाराने उभा राहतो. शिवाय मित्राजवळचे ज्ञान नोंद नसलेले असते. ते केव्हा मिळाले, कोणाकडून मिळाले, त्यात आठवणीची भर किती, हे तपासून पाहायला कोणालाही जागा नसते, कारण ज्याने तपासायचे तोच ते बाळगून असतो. खून बहुधा ओळखीच्या माणसाकडून होतो, हे प्रत्येक देशातला पोलीस जाणतो. म्हणजेच मृताच्या जवळच्या माणसांना ‘त्या रात्री तुम्ही कोठे होता?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा असतो, आणि तपास अधिकारी हा प्रश्न स्वतःला विचारून स्वतःच त्याचे उत्तर नोंदवू शकत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण कादंबरीत नाही, स्टॉकहोमच्या रस्त्यावर आहे. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नी लिस्बेथ यांच्यासह चित्रपट पाहून अंगरक्षकांविना पायी घरी निघाले असताना, स्वेआवेगन या हमरस्त्यावर त्यांना मागून गोळी घालण्यात आली. (आपल्याकडे पाल्मे यांचे नाव पुढे बोफोर्सच्या निमित्ताने घरोघरी पोचले, त्या तोफांच्या करारावर त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच सह्या झाल्या होत्या.) तपासाची सूत्रे स्टॉकहोम जिल्ह्याचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर यांनी हाती घेतली. होल्मेर कायद्याचे पदवीधर होते, सुरक्षा पोलिसांचे प्रमुख राहिले होते, पण खुनाचा तपास त्यांनी आयुष्यात कधी चालवलेला नव्हता. सत्ताधारी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. त्यांनी लवकरच आपले सारे लक्ष कुर्दिश संघटना पीकेके हिच्यावर केंद्रित केले. सरकारी वकिलांशी त्यांचे खटके उडत गेले. जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांनी या संशयावरून सुमारे वीस जणांना ताब्यात घेतले आणि ठोस काही हाती न लागल्याने त्यांना सोडून द्यावे लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत होल्मेर तपासातून बाहेर पडले.

तपास फसण्याची कारणे अनेक होती, हे मी नाकारत नाही. घटनास्थळी वेढा फारच लहान घातला गेला आणि दोन्ही गोळ्या पोलिसांना न सापडता रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना सापडल्या. याचा जिव्हाळ्याशी संबंध नाही. तो साधा हलगर्जीपणा होता. परंतु पुढे जे घडले त्याचा संबंध थेट आपल्या प्रश्नाशी आहे. होल्मेर यांचे जवळचे मित्र, प्रकाशन व्यवसायातले एबे कार्लसन, पूर्वी एका न्यायमंत्र्यांचे प्रसिद्धी सचिव राहिलेले होते. कोणतेही तपासाचे पद नसताना त्यांनी हाच कुर्दिश धागा पकडून काही पोलिसांच्या साहाय्याने खाजगी तपास चालवला. न्यायमंत्री अॅना-ग्रेटा लायोन यांनी १९८८ च्या मे महिन्यात त्यांना शिफारसपत्र दिले. पुढच्याच महिन्याच्या आरंभी हेलसिंगबोर्ग येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी चोरून संभाषण ऐकण्याची बेकायदा उपकरणे देशात आणणाऱ्या एका पोलिसाला पकडले, वृत्तपत्रांनी प्रकरण उघड केले आणि काही दिवसांत न्यायमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. संसदेच्या घटना समितीने घेतलेल्या साक्षी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या.

या माणसांपैकी कोणालाही मारेकऱ्याला वाचवायचे नव्हते. आपल्या नेत्याचा, आपल्या पक्षाच्या माणसाचा खुनी सापडावा अशी त्यांची तळमळ होती, आणि ती खरी होती असे मी मानतो. त्या तळमळीनेच त्यांना असे वाटायला लावले की नियम इतर खुनांसाठी आहेत. एका देशाचे न्यायखाते आणि राजधानीचे पोलीस दल मृताशी कोणत्या ना कोणत्या धाग्याने बांधलेले असताना, बाजूला कोण होणार, हा प्रश्न त्या वेळी मोठ्याने विचारला गेला नाही. आज चार दशकांनंतरही त्या खुनाबद्दल कोणालाही अंतिम शिक्षा झालेली नाही. २०२० साली सरकारी वकिलांनी वीस वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून तपास बंद केला. मेलेला माणूस न्यायालयात आपली बाजू मांडू शकत नाही, आणि म्हणून ते बोट दाखवणे म्हणजे निकाल नव्हे.

याच प्रकरणात याहून वेगळे, आणि मला फार महत्त्वाचे वाटणारे, आणखी काही घडले. क्रिस्टर पेटर्सन या व्यसनी आणि पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसाला ओळखपरेडमध्ये लिस्बेथ पाल्मे यांनी ओळखले. पतीच्या शेजारी चालत असताना ज्यांनी तो मृत्यू पाहिला, त्यांच्याइतके मृताच्या जवळचे दुसरे कोण असणार? जुलै १९८९ मध्ये स्टॉकहोमच्या जिल्हा न्यायालयाने पेटर्सनला जन्मठेप सुनावली. सामान्य नागरिकांमधून नेमलेले न्यायाधीश दोषी ठरवण्याच्या बाजूने होते आणि दोन्ही व्यावसायिक न्यायाधीश विरुद्ध होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. ओळखपरेडपूर्वी संशयित मद्यपी असल्याचे लिस्बेथ यांना कळलेले होते, आणि परेडमधल्या माणसांत मद्यपी कोण हे उघड दिसत होते. पेटर्सन खुनी होता की नव्हता, यावर मला येथे काही म्हणायचे नाही. पण एका शोकाकुल पत्नीची साक्ष उलटतपासणीला सामोरी गेली, ती कशी मिळवली गेली हे नोंदीत होते, म्हणून वरचे न्यायालय तिचे वजन करू शकले. तोच शोक, तेच मत, तपास अधिकाऱ्याच्या मनात असते तर? कोणत्याही न्यायालयाला त्याचे वजन करता आले नसते, कारण तो पुरावा म्हणून कधी समोर आलाच नसता. कोणाला पकडायचे आणि कोणाला सोडायचे, या निर्णयांत तो आधीच विरघळून गेला असता.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला हलका वाटत नाही. जुनी, धूळ खात पडलेली प्रकरणे कोण उघडतो? ज्याला झोप येत नाही तोच. थंड डोक्याचा, अलिप्त अधिकारी चार वाजता फाइल बंद करून घरी जातो. मृताशी काही नाते असलेला माणूसच वीस वर्षांनी ती पुन्हा उघडतो, असे सांगितले जाते, आणि यात तथ्य आहे. चिकाटी ही तपासाची पहिली गरज आहे. तथापि चिकाटीचा उगम जिव्हाळ्यात असला की ती कशाला चिकटून बसेल, हे सांगता येत नाही. बहुधा ती पहिल्या कल्पनेला चिकटते. स्वीडनमधल्याच स्तूरे बेर्गवाल प्रकरणाने हे दाखवून दिले. थॉमस क्विक या नावाने वावरणाऱ्या, मनोरुग्णालयात ठेवलेल्या या माणसाने तीसहून अधिक खुनांची कबुली दिली आणि १९९४ ते २००१ या काळात आठ खुनांबद्दल त्याला दोषी ठरवले गेले. या साऱ्या काळात सरकारी वकील, चौकशी करणारा पोलीस अधिकारी आणि उपचार करणारी मंडळी यांचा एक छोटा, एकमेकांवर विश्वासलेला गट काम करत होता. त्या गटाच्या कष्टांत आणि चिकाटीत काही कमी नव्हते; मृत मुलांच्या आईवडिलांना उत्तर मिळावे ही त्यांची इच्छाही खोटी नसावी. २००८ साली बेर्गवालने सगळे जबाब मागे घेतले, आणि २०१३ पर्यंत आठही खुनांच्या आरोपांतून त्याची सुटका झाली. त्याला गुन्ह्याशी बांधणारा भौतिक पुरावा कधीच नव्हता. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने पुढे गटाच्या एकसुरी विचाराला दोष दिला. कोणाशी रक्ताचे नाते नसतानाही माणूस आपल्याच सिद्धान्ताचा नातलग होऊन बसतो. खरे नाते असेल तर मग काय होईल?

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. नॉर्वेच्या एखाद्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठावरचे गाव, उत्तर स्वीडनमधले जंगलातले खेडे, किंवा साऱ्या देशात मिळून पुण्याच्या एखाद्या भागापेक्षा कमी वस्ती असलेले आइसलँड: अशा ठिकाणी सगळेच सगळ्यांना ओळखतात. तेथे तिऱ्हाईत अधिकारी आणायचा कोठून, आणि तो वाटेत असताना पुरावे बर्फाखाली गाडले जाणार नाहीत काय? स्वीडिश कायद्याने याचे साधे उत्तर देऊन ठेवले आहे. संबंध असलेल्या अधिकाऱ्यालाही, ज्या गोष्टी लांबवल्यास धोका आहे, त्या तातडीच्या गोष्टी करता येतात. तो जागेला वेढा घालू शकतो, जखमीला उचलू शकतो, पळणाऱ्याला पकडू शकतो. त्यानंतर फाइल दुसऱ्याच्या हाती जायला हवी. म्हणूनच या देशांनी राजधानीतून गावोगावी जाणारी तपास पथके उभी केली. नॉर्वेत ‘क्रिपोस’ ही केंद्रीय संस्था १९५९ पासून हे काम करत आली आहे. बाहेरून आलेल्या पथकाकडे कौशल्य असते हे तर झालेच, पण मृताच्या अंत्यसंस्काराला जाण्याचे बंधन त्याच्यावर नसते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

मात्र बाहेरचा माणूस म्हणजे रामबाण उपाय, असे मी म्हणणार नाही, कारण आइसलँडचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. १९७४ साली तेथे दोन माणसे वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाली. त्यांचे मृतदेह आजतागायत सापडलेले नाहीत. छोट्या देशावर दडपण वाढत गेले, आणि १९७६ मध्ये जर्मनीहून कार्ल श्युट्झ या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला बोलावले गेले. मृतांना, संशयितांना, त्यांच्या घरच्यांना तो ओळखत नव्हता. त्यांची भाषाही त्याला येत नव्हती. तरीही तरुण संशयितांना दीर्घकाळ एकांतकोठडीत ठेवून मिळवलेल्या कबुलीजबाबांवरच प्रकरण उभे राहिले, सहा जणांना शिक्षा झाली आणि १९८० साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारे निर्णय कायम केले. २०१८ साली त्याच न्यायालयाने त्यांपैकी पाच जणांची निर्दोष मुक्तता केली, तोवर त्यांतले दोघे मरण पावले होते. येथे मृताशी जिव्हाळा कोणाचा नव्हता, पण उत्तर मिळालेच पाहिजे हा साऱ्या देशाचा हट्ट होता, आणि परका अधिकारी त्या हट्टाचा चाकर झाला. म्हणून अलिप्त माणूस ही पहिली अट आहे, पुरेशी अट नाही. त्याच्या कामाकडे पाहणारा दुसरा अलिप्त माणूस हवा, आणि संशयितापाशी पहिल्या दिवसापासून वकील हवा.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयांपुढे येऊन गेला आहे, आणि त्याचे उत्तर मला समाधानकारक वाटत नाही. ज्या अधिकाऱ्याने फिर्याद दिली त्यानेच तपास करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये मोहनलाल प्रकरणात ठरवले होते. दोनच वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मुकेश सिंह प्रकरणात तो निर्णय फिरवला. फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच असला एवढ्यावरून तपास दूषित ठरत नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर पाहावे, असे त्या पीठाने म्हटले. याचा व्यवहारातला अर्थ असा की पूर्वग्रहामुळे आपले नुकसान झाले, हे आरोपीने दाखवायचे. कोठडीत असलेल्या, बहुधा गरीब असलेल्या माणसाने ते कसे दाखवावे? स्वीडनचा कायदा जो भार व्यवस्थेवर टाकतो, तो आपण सर्वांत दुबळ्या पक्षकाराच्या खांद्यावर ठेवला आहे.

बाजूला केलेल्या त्या मित्राचे, भावाचे, सहकाऱ्याचे पुढे काय होते, याकडे कथा पाहतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तपासातून काढलेला अधिकारी म्हणजे दारूच्या ग्लासासमोर बसलेला पराभूत माणूस. प्रत्यक्षात या देशांनी शोकाला न्यायव्यवस्थेत अधिकृत जागा दिली आहे, आणि माझ्या मते हे त्यांच्या कायद्यातले सर्वांत माणुसकीचे पान आहे. पीडितांना सरकारी खर्चाने स्वतःचा वकील देण्याची पद्धत तेथे १९८० च्या दशकात आली. स्वीडनने तो कायदा १९८८ सालीच केला, म्हणजे खाजगी तपासाच्या प्रकरणाने न्यायमंत्र्यांचे पद गेले त्याच वर्षी. सुरुवातीला मुख्यतः लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांसाठी असलेली ही सोय नॉर्वेत पुढे खुनातील मृतांच्या नातलगांपर्यंत पोचली. हा वकील तपासाची माहिती मागतो आणि न्यायालयात प्रश्न विचारतो. नातलगांना जे बोलायचे आहे, ते उघडपणे, आरोपीच्या वकिलासमोर, नोंदीत उतरेल असे बोलले जाते. दुःखाला वाट मिळाली की त्याला पोलीस ठाण्याच्या मागच्या दाराने आत शिरावे लागत नाही.

२२ जुलै २०११ रोजी नॉर्वेची राजधानी ओस्लो आणि उटोया बेट येथे एकाच माणसाने केलेल्या हल्ल्यांत मिळून ७७ माणसे मारली गेली. पन्नास लाखांच्या त्या देशात मृतांपैकी कोणाला ना कोणाला ओळखणारा माणूस प्रत्येक कचेरीत असणार. उटोयावर मारल्या गेलेल्यांत तेथे सुरक्षेचे काम करणारा, पोलिसाच्या नोकरीतून त्या वेळी सुट्टीवर असलेला एक अधिकारीही होता, म्हणजे पोलीस दलाचे स्वतःचे माणूसही गेले होते. नॉर्वेने आपल्या पोलिसांच्या त्या दिवसाच्या कामगिरीची तपासणी पोलिसांकडे न सोपवता एका वकील महिलेच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाकडे सोपवली. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने पोलिसांवर इतके स्पष्ट ताशेरे ओढले की काही दिवसांत राष्ट्रीय पोलीसप्रमुखांनी पद सोडले. त्याआधी एप्रिलमध्ये हल्लेखोरावरचा खटला सुरू झाला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सामान्य नागरिकांमधून नेमलेल्या एका न्यायाधीशाला खुर्ची सोडावी लागली. हल्ल्यानंतर लगेच त्याने समाजमाध्यमावर, या माणसाला फाशीच योग्य, अशा आशयाचे लिहिले होते. त्याच्या त्या संतापात न समजण्यासारखे काय होते? संताप तर साऱ्या देशाच्या मनात होता. तरीही त्याला उठवले गेले, आणि त्याच्या जागी दुसरे माणूस बसले.

त्याच दालनात पुढचे काही आठवडे मृतांच्या शवविच्छेदनाचे अहवाल एकामागून एक वाचले गेले. प्रत्येक अहवालानंतर त्या व्यक्तीचे छायाचित्र पडद्यावर येई, आणि कुटुंबाच्या वतीने वकील काही वाक्ये वाचून दाखवी: ती कोण होती, तिला काय आवडत असे, घरी तिची वाट कोण पाहत होते. आरोपी समोर बसलेला असे. न्यायाधीश ऐकत, नातलग ऐकत, आणि मग पुढच्या मृताचा अहवाल सुरू होई.